लीस्ट काउंट सर

ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये काही माणसं ठरलेली असतात. एक विम्याची पॉलिसी गळ्यात मारणारे. एक महागाई भत्त्याचा फरक कोणत्या महिन्यात पडणार हे छातीठोकपणे सांगणारे आणि दर वेळी तोंडघशी पडणारे. एक निवृत्तीची भाषा करणारे, ज्यांची निवृत्ती काही केल्या जवळ येत नाही. आणि फिजिक्सचे एक सर असे, की ज्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी वाटत नाही. मी मराठी शिकवतो, म्हणजे या सगळ्यांचं ऐकून घेणं ही माझी नेमणूक असल्याची समजूत आहे. त्यातून या शेवटच्या सरांची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून.

मुलं त्यांना ‘लीस्ट काउंट’ म्हणतात. तोंडावर नाही, पण सरांना ते ठाऊक आहे. लीस्ट काउंट म्हणजे एखाद्या उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, व्हर्नियरचं ०.०१ सेंटिमीटर, स्क्रूगेजचं ०.००१. टोपणनावाबद्दल त्यांचं मत विचारलं तेव्हा ते म्हणाले, “नाव बरं आहे. किती मुलं म्हणतात, ते मोजायला हवं.”

त्यांच्यापुढे साधं वाक्य टाकायची सोय नाही. ‘आज चहा गार आहे’ म्हटलं, की “कशापेक्षा?” ‘यंदा उकाडा फार’ म्हटलं, की “कुठल्या वर्षाच्या मानाने? नोंद ठेवलीय?” त्यामुळे त्यांच्याशी हवापाण्यावर कुणी बोलत नाही, आणि हवापाणी वगळलं तर स्टाफरूममध्ये पगाराशिवाय उरतं काय?

एकदा आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जायचा योग आला. भाजीवालीकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता. सरांनी पिशवीतून सीलबंद मिठाचा एक किलोचा पुडा काढला आणि काट्यावर ठेवला. काट्याने ९६० दाखवले. सर विजयी मुद्रेने म्हणाले, “मावशी, काटा चाळीस ग्रॅम कमी दाखवतोय. यात माझा फायदा आहे, तरी सांगतो.” मावशींनी वांगी निवडता निवडता मान वर केली. “मास्तर, पुड्यात किलोभर मीठ हाय, ह्ये कुणी बघितलं?”

सर गप्प झाले. मग खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं वजन टिपताहेत. नंतर पाहिलं तर लिहिलं होतं: ‘भाजीवाल्या मावशी – ४ पैकी ४.’

हे ४ पैकी ४ कुठून आलं, ते सांगायला हवं. २०२० साली नवं शैक्षणिक धोरण आलं आणि त्यापाठोपाठ प्रशिक्षणं आली. घोकंपट्टी नको, मुलांमध्ये ‘चिकित्सक विचार’ रुजवा, असं त्या प्रशिक्षणांत सांगितलं गेलं. ते सांगणाऱ्याने स्लाइडवरचा मजकूर अक्षरशः वाचून दाखवला, ही गोष्ट वेगळी. आम्ही सगळे एक फोल्डर, एक पेन आणि जेवणातल्या गुलाबजामाची आठवण घेऊन परतलो. सर मात्र एक प्रश्न घेऊन परतले. रुजवा म्हणतात, ठीक. पण रुजला की नाही, हे मोजायचं कशानं?

मग त्यांचं वाचन सुरू झालं. वाचलेलं ते माझ्यावर आणून रिकामं करत. त्यामुळे मराठीच्या मास्तराला जेवढी माहिती असण्याचं काहीच कारण नाही, तेवढी मला झाली आहे. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी एक चाचणी छापली. नाव ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’. तिसेक प्रश्न, पर्यायांचे, आकडेमोड शून्य. खुबी अशी, की चुकीचे पर्याय मनाने रचलेले नाहीत. मुलांच्या डोक्यात खरोखर जे गैरसमज असतात तेच तिथे मांडून ठेवलेत. सूत्रं तोंडपाठ असलेला मुलगा अलगद त्यात जाऊन पडतो. हार्वर्डचे एरिक माझुर यांनी आपल्या हुशार विद्यार्थ्यांना अशीच एक चाचणी दिली, तेव्हा एकाने त्यांनाच विचारलं म्हणे, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला एरवी वाटतं तसं?

सरांनी त्या धर्तीवर आपला प्रश्न बेतला. भरधाव एसटी आणि उभी रिक्षा यांची टक्कर झाली. कोणी कोणावर जास्त बल लावलं? बारावी ‘अ’ तुकडी. आदल्याच तासाला न्यूटनचा तिसरा नियम झालेला. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाने तो स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलेला. तोच उठून म्हणाला, “एसटीने. रिक्षाचा पार चेंदामेंदा होतो सर, एसटीला साधा ओरखडा.” सर म्हणाले, “अरे, बल दोघांवर सारखंच. रिक्षाचं वस्तुमान कमी म्हणून तिचे हाल जास्त. काल तूच तिसरा नियम म्हणालास ना?” मुलाने क्षणभर विचार केला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, “सर, तुम्ही न्यूटनचं विचारताय का एसटीचं?”

सर तास सोडून पळत स्टाफरूममध्ये आले. चेहरा फुललेला. “अहो, आपण आणि हार्वर्ड एका पातळीवर आलो!” संस्थेच्या इतिहासात हे वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं असावं. प्राचार्यांनी नीट ऐकलं नाही. पुढच्या पालकसभेत त्यांनी ते जसंच्या तसं सांगून टाकलं.

पण सरांचं समाधान टिकत नाही. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की ही चाचणी संकल्पना कळली का एवढंच मोजते. विचार कसा केला ते नाही. मुलगा बरोबर उत्तरावर चुकीच्या वाटेनेही पोचतो. मग त्यांनी आधीचं काहीतरी शोधलं: १९९० साली पीटर फॅसिओन यांनी ४६ तज्ज्ञांचं मत पुन्हा पुन्हा घेऊन चिकित्सक विचाराची व्याख्या पक्की केली होती. अर्थ लावणं, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःच्या विचारावर स्वतःच लक्ष ठेवणं, अशी सहा कौशल्यं. “४६ तज्ज्ञांचं एकमत!” सर म्हणाले. आमच्या स्टाफरूममध्ये सहलीच्या ठिकाणावर ११ जणांचं होत नाही, हे लक्षात घेता मीही प्रभावित झालो.

पहिला प्रयोग त्यांनी प्रयोगशाळेतच केला. अकरावीचा साधा लंबक. दोऱ्याला गोळा टांगायचा, लांबी मोजायची, वीस आंदोलनांना किती सेकंद लागले ते पाहायचं आणि त्यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचं. जी ९.८ असतो हे मुलांना शाळेपासून माहीत असतं, त्यामुळे प्रयोग म्हणजे उत्तराकडून रीडिंगकडे उलटं चालत जाणं. सरांनी प्रयोगशाळेतल्या मामांना एक मीटरपट्टी दिली आणि शून्याकडचे पाच सेंटिमीटर करवतीने कापायला लावले. कापलेलं टोक पॉलिश करून घेतलं. आता पट्टी १०० म्हणेल तेव्हा लांबी असणार ९५. प्रामाणिकपणे आकडेमोड केली तर जी १०.३ च्या घरात यायला हवा. जो म्हणेल ‘सर, काहीतरी गडबड आहे’, तो चिकित्सक.

बॅच आली, पट्टी लावली, गोळा हलवला, जर्नलं भरली. सगळ्यांचा जी ९.८. दोघांनी ९.७८ आणि ९.८३ असे आकडे घालून त्यात खरेपणाचा रंग भरला होता. या दोघांना कथालेखनाकडे वळवा, असं सरांनी मला गंभीरपणे सुचवलं. एकट्या एका मुलाच्या जर्नलात मात्र स्वच्छ १०.३ लिहिलेलं. सरांनी त्याला पुढे बोलावलं, सगळ्यांसमोर पाठ थोपटली. “सांग यांना, उत्तर वेगळं आलं तरी तू ते बदललं का नाहीस?”

मुलगा चाचरत म्हणाला, “सर, स्टॉपवॉच माझ्याकडे शेवटी आलं. आकडे बसवायला टाइमच नाही उरला.”

सर त्या दिवशी डबा न खाता बसून राहिले. त्याहून मोठं संकट महिनाअखेरीस आलं. डेडस्टॉकच्या तपासणीत एक मीटरपट्टी पाच सेंटिमीटरने तुटीत निघाली. ‘शासकीय अनुदानातून खरेदी केलेल्या साहित्याची मोडतोड’ या मथळ्याखाली खुलासा मागवण्यात आला. सरांनी खुलाशात लिहिलं, की सदर पट्टी मोडलेली नसून तिच्यात जाणीवपूर्वक शून्यांक त्रुटी निर्माण करण्यात आली आहे. कार्यालयाने ‘जाणीवपूर्वक’ एवढाच शब्द उचलला आणि पट्टीची किंमत वसूल केली.

पण हटतील ते सर कसले? त्यांनी आपली मोजपट्टी तयार केली, ही कागदावरची. प्रत्येक उत्तराला सूत्राचे गुण वेगळे, विचाराचे ४ वेगळे. पाठांतराला ०. ठोकताळ्याला १. कारण दिलं तर २. कारणाला पुरावा जोडला तर ३. आणि स्वतःच्याच उत्तरावर शंका घेतली तर पूर्ण ४. तक्ता वर्गाबाहेर लावला. गुण कसे मिळतात हे विद्यार्थ्यांना आधी कळलं पाहिजे, अशी त्यांची धारणा. ती योग्यच आहे, पण विद्यार्थी कुठले आहेत तेही बघायला नको का?

आठवडाभरात बारावी ‘अ’ शंकेखोर झाली. प्रत्येक उत्तराच्या तळाशी एक ओळ: ‘तरीही माझे उत्तर चुकीचे असू शकते.’ पुढच्या आठवड्यात गावातल्या एका क्लासने त्याची झेरॉक्स काढली. ‘हमखास शंका – फिजिक्स’, पाठपोट एक पान, किंमत दहा रुपये. प्रकरणवार शंका होत्या. लंबक: हवेचा रोध धरलेला नाही. विद्युत: तारेचा रोध तापमानाने बदलू शकतो. प्रकाश: भिंग आदर्श मानले आहे. तळाशी चौकटीत सूचना: ‘वेळ कमी असल्यास कोणत्याही उत्तराला हवेचा रोध लिहावा.’ एका मुलीने तो ट्रान्सफॉर्मरच्या उत्तरालाही लिहिला. तिला किती गुण द्यावेत यावर सरांचे दोन दिवस गेले.

साथ माझ्यापर्यंत आली. सहामाहीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाखाली एकाने लिहिलं: ‘अशा प्रकारे कवयित्रीने पावसाचे सुंदर वर्णन केले आहे. तरीही माझे उत्तर चुकीचे असू शकते.’ गाइडमधून उतरवलेल्या सगळ्या गठ्ठ्यात तेवढं एकच वाक्य त्या मुलाचं स्वतःचं होतं. मी त्याला अर्धा गुण वाढवून दिला, हे सरांना सांगितलेलं नाही.

अर्थशास्त्राच्या मॅडमनी एकदा स्वेटर विणता विणता सांगून टाकलं, की यात नवल काही नाही. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये बँका आणि चलनाबद्दल हेच म्हणून ठेवलंय: ज्या आकड्याला वेसण म्हणून धरायला जावं, तो आकडाच मग बेभरवशाचा होतो. “तुम्ही शंकेला चार गुण लावलेत, बाजारात शंकेचं उत्पादन वाढलं.” सरांनी विचारलं, “यावर उपाय?” मॅडम म्हणाल्या, “अर्थशास्त्रात उपाय नसतो. नाव असतं.”

पालकही आले. एक गृहस्थ थेट प्रयोगशाळेत शिरले. मुलगी नीटच्या तयारीला लावलेली. फी दोन हप्त्यांत भरलेली. “सर, ह्या चिकित्सेला नीटमध्ये किती मार्क?” सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं. त्यातले फिजिक्सचे ४५. प्रश्न वाचून, शंका घेऊन, तिचं निरसन करून गोल काळा करायला एकूण एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. “म्हणजे शंका तोट्यात जाते,” सर स्वतःशीच पुटपुटले. पालकांनी हात जोडले. “मग एवढं करा, सध्या तिला शंका येऊ देऊ नका. डॉक्टर झाल्यावर काय त्या घेऊ दे.” दार ओढून ते गेले. त्यांच्या लेकीच्या दवाखान्यात जाणाऱ्या भावी पेशंटांची मला काळजी वाटली. पण बोर्डाच्या थिअरीचे ७० आणि प्रॅक्टिकलचे ३० घेऊन पुढे सीईटी-नीटच्या रांगेत लेकरू उभं करणाऱ्या बापाला तरी काय म्हणणार?

खरी वेळ आली ती दोन मैत्रिणींमुळे. मागच्या बाकावर बसणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या. चाचणीचे पेपर मिळाल्यावर दोघी उठून टेबलाशी आल्या. “सर, वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न. मला विचाराचे २ आणि हिला ३.”

“उत्तरात फरक असेल.”

“नाही सर. शब्दन् शब्द एकच आहे.”

“कसं शक्य आहे?”

“मी हिचं बघून लिहिलंय.”

वर्ग चिडीचूप. बोलणारी मुलगी घाबरलेली होती, पण हटेना. “एकच वस्तू दोनदा मोजली आणि माप वेगळं आलं, तर चूक वस्तूची नसते, उपकरणाची असते, असं तुम्हीच पहिल्या प्रकरणात शिकवलंय. तर सर, तुमच्या पट्टीचा लीस्ट काउंट किती?”

सर त्या दिवशी वर्गातून बाहेर आले ते बेंदराच्या बैलाच्या दिमाखात. स्टाफरूमच्या दारातूनच ओरडले, “सापडली!” मग सगळा किस्सा सांगून पेचात पडले. विधान मांडलं, पुरावा दिला, प्रत्यक्ष गुरूच्या मोजमापावर शंका घेतली. ४ पैकी ४ द्यायलाच हवेत. पण पुरावा म्हणजे कॉपीची कबुली, आणि कॉपीला शून्य. शून्य द्यावं तर पुरावा खरा ठरतो, पुरावा खरा ठरला तर ४ द्यावे लागतात. परीक्षा विभागप्रमुख म्हणाले, सोपं आहे, दोघींचे सरासरी अडीच करा. सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते उठून फाइल शोधायला गेले. शेवटी मुलीला चाचणीत शून्य मिळालं आणि वहीत भाजीवाल्या मावशींच्या खाली तिचं नाव लागलं.

आणि मग सरांनी आपलं उपकरण तपासायला घेतलं. पेपरांवरची नावं झाकून गठ्ठा मला दिला. “मला फिजिक्स येत नाही,” मी म्हणालो. “उत्तमच,” ते म्हणाले. जेकब कोहेन यांनी १९६० साली काढलेला एक गुणांक असतो, कप्पा. दोन परीक्षकांचं योगायोग वजा जाता कितपत जुळतं ते तो सांगतो. पूर्ण जुळलं तर १. माझं आणि सरांचं फारच कमी जुळलं, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. सुवाच्य अक्षराला मी मनापासून गुण दिले होते. पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत. आठ दिवसांनी तोच गठ्ठा त्यांनी स्वतः पुन्हा तपासला, आधीचे गुण न बघता, आणि स्वतःचा स्वतःशी कप्पा काढला. तो निम्म्यावरही गेला नाही.

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे माझं माझ्याशीच पटत नाही.”

“ते आम्हाला कप्प्याशिवाय माहीत होतं,” अर्थशास्त्राच्या मॅडम विणकामातून म्हणाल्या.

कुठला पेपर कधी तपासला याचाही त्यांनी तक्ता केला. जेवणाआधी तपासलेल्या पेपरांना विचाराचे गुण कमी पडले होते, जेवणानंतरच्यांना जास्त, आणि गठ्ठ्याच्या तळाशी असलेल्या सगळ्यांना सरसकट २. हा तक्ता त्यांनी वर्गात लावला. मुलांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की पेपर गठ्ठ्याच्या मधोमध जावा यासाठी लवकर उठायचं नाही आणि शेवटपर्यंतही बसायचं नाही.

याच सुमारास वरून एक माहिती भरायची आली. तुकडीनिहाय ‘चिकित्सक विचार कौशल्य – टक्केवारी’. संध्याकाळी पाचपर्यंत ऑनलाइन. इतर विषयांच्या शिक्षकांनी चहा पिता पिता ८५, ९०, ८८ असे आकडे सांगून टाकले; मी ८७ सांगितले, कारण ८७ हा आकडा विचार करून काढल्यासारखा दिसतो. सर दोन रात्री हिशेब करत बसले होते. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचा अभ्यास छापला, तेव्हा त्यांनीही सरासरीपुढे अधिक-उणे किती ते लिहिलं होतं, हा त्यांचा आधार. पावणेपाचला ते कागद घेऊन ऑफिसात आले. क्लार्क कॉम्प्युटरवर बोट रोवून बसलेले.

“बारावी ‘अ’,” सर म्हणाले. “बासष्ट, अधिक-उणे अठरा.”

क्लार्कने टाइप केलं. चौकट लाल झाली. पुन्हा केलं, पुन्हा लाल. “सर, एकच आकडा घेतंय हे. चिन्ह घेत नाही.”

“मग रिकामं सोडा. चूक किती आहे ते न सांगता आकडा देणं म्हणजे थाप मारणं आहे.”

“रिकामं सोडलं तर पुढचं पान उघडत नाही. अन् पुढच्या पानावर पगारबिल आहे.” क्लार्कने घड्याळाकडे पाहिलं, मग सरांकडे. “तुम्ही एवढंच सांगा, अठरा अधिक करू का उणे?”

सर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या केबिनमधून प्राचार्यांचा आवाज आला, “अधिक करा!”